वॉलेटमध्ये बिटकॉइन आहेत, पण खर्च होत नाहीत: माझा अनुभव

'इनसफिशियंट फंड्स.' वॉलेटमधली, म्हणजे बिटकॉइन ठेवायच्या अ‍ॅपमधली, ती लाल ओळ आठवली की माझं डोकं अजून तापतं. वर शिल्लक ठळक दिसतेय, सर्व्हरचं बिल तिच्यापेक्षा कमी आहे, आणि खाली म्हणे पैसे अपुरे!

सह्याद्रीतल्या वाटांचे जीपीएस नकाशे मी कोथरूडला घरी बसून करते आणि साइटवर मोफत ठेवते. पानाच्या तळाशी बिटकॉइनचा पत्ता दिलाय. राजगड-तोरणा करून आलेली मंडळी खुशीने कधी दोनशे, कधी पाचशे रुपयांचं पाठवतात. त्यातून सर्व्हरचं वर्षाचं भाडं निघावं एवढीच अपेक्षा. पैसे जमायला काहीच त्रास झाला नाही. अडलं ते खर्च करताना, एप्रिल २०२४ मध्ये.

२० एप्रिलला बिटकॉइनचं हाविंग झालं, म्हणजे दर ब्लॉकला नवे बिटकॉइन निम्मेच निघू लागले. ब्लॉक म्हणजे व्यवहार नोंदवायच्या वहीचं एक पान. त्याच ब्लॉकपासून रून्स नावाचे टोकन सुरू झाले आणि ब्लॉकमधल्या जागेसाठी झुंबड उडाली. एका बिटकॉइनचे १० कोटी सॅट. फी मोजतात ती व्यवहाराच्या आकारावर, म्हणजे दर व्हीबाइटला (व्यवहार ब्लॉकमध्ये जी जागा घेतो तिचं माप) इतके सॅट अशी. त्या दिवशी हा दर हजाराच्याही वर गेला. मी बिल भरायला बसले तेव्हा तो साठच्या आसपास उतरला होता, तरी माझं बिल जाईना.

अ‍ॅपच्या मदत केंद्राला विचारलं, शिल्लक बिलापेक्षा जास्त असताना अपुरी कशी? उत्तर आलं: 'कृपया वॉलेटमध्ये आणखी बिटकॉइन जमा करा.' बरं, फी किती धरताय ते तरी सांगा. पुन्हा तेच वाक्य, खाली 'आपला दिवस शुभ जावो'. रक्कम कमी करून पाहिली, तरी तीच लाल ओळ. फीसाठी तीन बटणं, फास्ट, नॉर्मल, स्लो; पण आकडा स्वतः टाकायची सोय नाही. त्यात सर्व्हरवाल्यांचं बिटकॉइनचं बिल पंधरा मिनिटांत बाद होतं, की पुन्हा नवं काढा. माणसाशी बोलायचं म्हटलं तर नंबर नाही. रोज संध्याकाळी काम संपवून बसायचं आणि त्या ओळीकडे बघून उठायचं.

शेवटी हिंजवडीत नोकरीला असलेला मावसभाऊ घरी आला तेव्हा त्याला फोन दाखवला. तो म्हणाला, "ताई, हा आकडा नुसती बेरीज आहे गं. आत सगळे सुटे तुकडे आहेत, आणि फी तुकड्यांवर लागते."

हे मला अ‍ॅपने सांगायला हवं होतं. प्रत्येकाने पाठवलेली रक्कम आत वेगळी राहते. तिला यूटीएक्सओ म्हणतात. एसटीच्या पार्सलला जसं वजन बघतात, आतल्या मालाची किंमत नाही, तसंच इथे. बीसी१ ने सुरू होणाऱ्या साध्या पत्त्यावरचा एक तुकडा खर्चायला सुमारे ६८ व्हीबाइट लागतात. दर ६० असेल तर ४,०८० सॅट झाले. बिटकॉइन ५० लाखांचा धरला तर सॅट ५ पैशांचा, म्हणजे एका तुकड्यामागे दोनशे रुपये! कुणीतरी प्रेमाने पाठवलेले दोनशे रुपये पूर्ण फीतच जाणार. दहा तुकडे एकत्र करून बिल भरलं तर आकार साडेसातशे व्हीबाइट आणि फी सव्वादोन हजार. आमचं अ‍ॅप सगळे तुकडे एकदम उचलत होतं. 'आजच्या दराने यातले एवढेच खर्च होतील' अशी एक ओळ दाखवायला काय हरकत आहे? दरही त्यांच्याकडे, तुकडेही त्यांच्याकडेच.

मग लॅपटॉपवर स्पॅरो वॉलेट घेतलं आणि त्यात जुन्या वॉलेटचे बारा शब्द, म्हणजे त्याची गुप्त किल्ली, टाकले. (हे शब्द फक्त स्वतःच्या मशीनवर, अधिकृत साइटवरून घेतलेल्या वॉलेटमध्येच टाका. मदतीच्या नावाखाली कुणी मागितले तर तो चोर आहे.) त्यात यूटीएक्सओची यादी उघडली आणि पहिल्यांदा एकेक तुकडा तारखेसह दिसला. मोठे दोन निवडले, फीचा दर स्वतः टाकला, बिल भरलं. इतकं हलकं वाटलं!

बारके तुकडे तसेच ठेवले. ते पावसाळ्यात दर सहाच्या खाली आल्यावर स्वतःच्याच पत्त्यावर एकत्र पाठवले. साठला ज्याला दोनशे पडले असते त्याला वीसच पडले. दर मेमपूल डॉट स्पेस या साइटवर दिसतो; शनिवार-रविवारी बहुधा उतरतो. पाठवताना वॉलेटमधली आरबीएफ (रिप्लेस बाय फी) ही सोय चालू ठेवा, म्हणजे व्यवहार रखडला तर फी वाढवता येते. वेगवेगळ्या पत्त्यांवरचे तुकडे एकत्र केले तर ते सगळे पत्ते एकाच माणसाचे आहेत हे मात्र कुणालाही कळतं.

कराचं राहिलंच. बिटकॉइनने बिल भरणं हेही हस्तांतरणच. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर उपकर. त्यातून खरेदीची किंमत तेवढी वजा होते, ही फी होत नाही. सदाशिव पेठेतल्या आमच्या सीएंनी हे दोनदा बजावलं.

आता साइटवर लाइटनिंगचा पत्ता दिलाय. लाइटनिंग म्हणजे दर व्यवहार ब्लॉकमध्ये न नोंदवता बिटकॉइन पाठवायचं जाळं. छोट्या रकमांना तोच बरा, फी बहुधा काही सॅटच लागते. जुना पत्ताही ठेवलाय, पण शेजारी लिहिलंय की हजार रुपयांच्या आतलं इथे पाठवू नका. तुमचा पत्ता १ ने सुरू होत असेल तर एक तुकडा १४८ व्हीबाइट खातो, म्हणजे दुपटीहून जास्त. तेव्हा एकत्र करताना रक्कम बीसी१ च्या पत्त्यावर घ्या.