अकरा दिवस पडून राहिलेली संत्री

फेब्रुवारी 2024 चा दुसरा आठवडा होता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास बाबांचा फोन आला. "पोरी, बगीचा गेला," एवढंच बोलले आणि फोन मायकडे दिला. मायलाही धड बोलता येईना. मागून टिनावर गारा आदळल्याचा आवाज येत होता, त्यात तिचे शब्दच विरून जात होते.

मी नागपुरात मानेवाड्याला राहते. माहेर संत्रापट्ट्यातलं, साठेक किलोमीटरवर. बाबांचा तीन एकरांचा बगीचा, 330 झाडं. मला भाऊ नाही. काका पुण्याला असतात आणि सातबारावर बाबांसोबत त्यांचंही नाव आहे. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे याच नावापायी दीड महिना गेला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेले. सकाळचे नऊ वाजले तरी झाडांच्या बुंध्याशी गारांचे ढीग तसेच होते, घट्ट गोठलेले. खाली फळांचा सडा. वर जी फळं टिकली होती, त्यांच्या सालीवर बोटाच्या पेरानं दाबावं तसे खड्डे. बाबा एकेक फळ हातात घेऊन फिरवत आणि परत सोडून देत. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, बरीच फळं वाचली की! पण ज्या फळाला गार लागली ते चार-सहा दिवसांत काळं पडतं, आतून सडतं आणि गळतं. म्हणजे खरं नुकसान पहिल्या दिवशी दिसतच नाही.

फेब्रुवारीची गारपीट संत्र्याला दुहेरी मारते. मृग बहाराचा माल तोडणीला आलेला असतो आणि आंबिया बहाराचा फुलोरा त्याच सुमारास निघालेला असतो. हातातलं पीक आणि येत्या हंगामाचं पीक, दोन्ही एका संध्याकाळी जातं. पंचनाम्यात फळं मोजली जातात. झडून मातीत मिसळलेली फुलं कोण मोजणार?

आमचा मृगाचा बगीचा, म्हणजे झाडावरचा माल, एका व्यापाऱ्याला 3 लाख 40 हजारांना दिलेला होता. व्यापाऱ्याचा 50 हजार इसार घेऊन झाला होता, त्यातले बरेचसे फवारणीत आणि मजुरीत गेलेले. तो दुपारी आला, दोन ओळी चालून परत फिरला. "काका, हा माल कळमन्याच्या बाजारात कोणी हाताळणार नाही. सौदा ठेवता येत नाही." माणूस वाईट नव्हता. इसार परत करायला त्याने बाबांना दिवाळीपर्यंतची मुदत दिली.

आमच्यापासून नऊ किलोमीटरवर हमरस्त्याला लागून एक गाव आहे. तिथंही गारा पडल्या होत्या, आमच्याइतक्याच. दुसऱ्या दिवशी तिथं पुढारी आले, कॅमेरे आले, तिसऱ्या दिवशी पंचनामे सुरू झाले. त्या गावाला मिळालं याचं मला मुळीच दुःख नाही, त्यांचंही घर बुडालंच होतं. पण गारपिटीचा पट्टा अरुंद असतो. एका शिवारात सगळं झोडपलं जातं आणि नाल्यापलीकडे पानही हलत नाही. पुराचं पाणी लांबून दिसतं, गारपीट बांधावर उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. आमच्या गावाला यायचं तर डांबर संपल्यावर तीन किलोमीटर खडीवरून यावं लागतं. तेवढं अंतर कोणी आलंच नाही.

पटवाऱ्यांना फोन केला. त्यांच्याकडे तीन साझ्यांचा कारभार होता. म्हणाले, "ताई, वरून आदेश आला की येतो. यादीत तुमचं गाव अजून नाही." यादी कशावरून बनते असं विचारलं तर म्हणाले, प्राथमिक अहवालावरून. मग प्राथमिक अहवाल कोण देतं? त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. त्या गप्प राहण्यातच मला समजलं की आमच्या गावाची खबर कागदावर कोणी घातलीच नव्हती.

इथून बाबांचं आणि माझं भांडण सुरू झालं. पडलेलं फळ बगीच्यात ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण. शहाणा बागाईतदार ते वेचून खड्ड्यात पुरतो आणि झाडांवर लगेच कॉपर ऑक्सिक्लोराईड मारतो. बाबा टोपली घेऊन निघाले. मी अडवलं. फळ पुरलं तर पंचनाम्याला दाखवायचं काय? "अन् झाडं मेली तर तुह्या पंचनाम्याले काय चाटू?" बाबा ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. अर्धा बगीचा साफ करून फवारला, अर्धा तसाच ठेवला. वेचण्याआधी मी एकेका ओळीचे फोटो काढले, ठिकाण आणि वेळ फोटोवरच छापून येणाऱ्या ॲपने. पाचव्या दिवसापासून त्या न वेचलेल्या अर्ध्या भागातून आंबूस, दारूसारखा वास यायला लागला. चिलटांचे थवे. बाबा त्या बाजूला जाईनासेच झाले. अकरा दिवस ती संत्री तिथं पडून होती. झाडं जगवायची की पुरावा जगवायचा, हे कोणत्याही शेतकऱ्याला निवडावं लागू नये. लवकर पाहणी झाली तर निवडावं लागतही नाही.

सुट्टी संपली म्हणून मधे दोन दिवस ऑफिसला आले. मिहानमधल्या एका कंपनीत मी काम करते, आमचे बरेच ग्राहक अमेरिकेतले. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासला बर्फाचं वादळ झालं तेव्हाचं सगळं मला लख्ख आठवतं. तिथं 45 लाख घरांची आणि आस्थापनांची वीज गेली होती, सरकारी मोजणीत 246 माणसं दगावली. आमच्या ऑफिसात सगळ्यांना त्यांच्या वीजजाळ्याचं नावसुद्धा पाठ झालं होतं. मीटिंगा पुढे ढकलल्या, वर्गणी काढली, मीही दिली. ते योग्यच होतं. थंडीत, अंधारात बसलेली माणसं कुठलीही असोत, माणसंच असतात. पण 2024 मध्ये त्याच टेबलावर मी सांगितलं की आमच्या बगीच्यावर गारा पडल्या, तेव्हा समोरचा म्हणाला, "कुठे? नागपूरला तर मस्त हवा होती!" त्याला खरंच माहीत नव्हतं. टीव्हीवर त्या दिवसांत पक्षांतरं होती आणि दिल्लीच्या वेशीवरचे शेतकरी होते. साठ किलोमीटरवरच्या शेतकऱ्याला जागा नव्हती.

मी तरी कुठे वेगळी होते? 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर आला होता. आमच्या ग्रुपवर दिवसभर त्या आकड्याचे फोटो आणि गरम भज्यांचे फोटो. रात्री फूटपाथवर झोपणाऱ्यांचं काय झालं, हे मी त्या दिवशी कोणालाही विचारलं नाही. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे संकट आणि हिवाळा म्हणजे सुख, असं डोक्यात बसलंय. नागपूरला उष्णतेसाठी कृती आराखडा 2016 पासून आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणीच्या आकड्यांत 2022 साली देशात उष्माघाताने 730 आणि थंडीने 720 मृत्यू नोंदले गेले. जवळपास सारखेच. थंडीच्या त्या 720 जणांबद्दल मी तरी कोणाला बोलताना ऐकलेलं नाही. आणि ज्या हिवाळ्यात आमचा बगीचा गेला, त्याच हिवाळ्यात मंगोलियात बर्फाखाली चारा गाडला जाऊन 70 लाखांहून जास्त जनावरं मेली. हे मला कित्येक महिन्यांनी समजलं.

तर, मी अर्ज लिहिला. गावातल्या बाधित खातेदारांची नावं, गट नंबर, पीक आणि अंदाजे क्षेत्र, सगळं दोन पानांत. सरपंचबाईंनी ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर लिहून दिलं, 43 जणांनी सह्या आणि अंगठे केले. सोबत फोटो जोडले. तहसीलला जाऊन आवक विभागात दिला आणि पोचवर शिक्का मारून घेतला. तिथला शिपाई म्हणाला, "ठेवून जा, साहेब पाहतील." मी हलले नाही. कोणाला या वाटेने जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा, तारखेचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पुढे प्रत्येक ठिकाणी "तुमचा अर्जच आला नाही" हे वाक्य त्या एका कागदाने थांबवलं.

अकराव्या दिवशी पटवारी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक तिघंही आले. कृषी सहायक तरुण मुलगी होती. त्या आंबूस वासात शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेली आणि फळं फोडून बघितली. मोबाइलवर गट नंबर टाकला, फोटो घेतले. 33 टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच मदत मिळते. आमचं कितीतरी वर होतं. पण आठ दिवसांनी यादी लागली तेव्हा आमचं बाधित क्षेत्र 0.80 हेक्टर लिहिलेलं, प्रत्यक्षात 1.20. फवारून साफ केलेला भाग पूर्ण धरलाच नव्हता. पुन्हा अर्ज, पुन्हा पोच, वेचणीआधीचे फोटो छापून जोडले. ते फोटो नसते तर शब्दाला शब्द राहिला असता. क्षेत्र दुरुस्त झालं.

मग 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. मदत थांबली असं कोणी म्हटलं नाही, पण ज्यांच्या हातात फाइल होती ती माणसं निवडणुकीच्या कामाला जुंपली गेली. सामाईक खातं म्हणून काकांचं संमतीपत्र लागलं. पहिलं स्पीड पोस्टाने आलं ते साध्या कागदावर, म्हणून परत गेलं. दुसरं स्टॅम्पवर. 2014 साली फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने निम्म्याहून अधिक महाराष्ट्र झोडपला होता, तेव्हाही आचारसंहिता लागलेलीच होती. पण तेव्हा रोज पहिल्या पानावर गारपीट होती आणि राज्याने चार हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. संकट मोठं होतं, लक्षही मोठं होतं. आमच्यासारख्या चार-पाच गावांच्या गारपिटीला पाठपुरावा करणारं माणूस घरात असावं लागतं. ज्यांच्या घरात नसतं, त्यांचं काय होतं ते खाली सांगते.

जूनमध्ये मदत मिळणाऱ्यांच्या विशिष्ट क्रमांकांची यादी लागली. तो क्रमांक घेऊन सेवा केंद्रावर जायचं आणि आधार प्रमाणीकरण करायचं. बाबांच्या बोटांचे ठसेच उमटेनात. चाळीस वर्षं कुदळ, विळा आणि मातीत रेषा झिजून गेलेल्या. केंद्रावरच्या पोराने ओल्या फडक्याने बोटं पुसायला सांगितली, अंगठा सोडून दुसरं बोट ठेवून बघितलं. नवव्या वेळी डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लागलं. बाबांना आपलंच बोट आपली ओळख देत नाही याची इतकी लाज वाटली की ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

जुलैच्या शेवटी शेजाऱ्यांचे पैसे आले, आमचे नाहीत. आठवडाभर वाट पाहून चौकशी केली तर कळलं की पैसे जमा झालेत, पण गॅसच्या सबसिडीसाठी कधीकाळी उघडलेल्या दुसऱ्या बँकेच्या खात्यात. आधार शेवटचं त्या खात्याला जोडलेलं होतं. 1 जानेवारी 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे बहुवार्षिक फळपिकाला हेक्टरी 36 हजार, म्हणून 1.20 हेक्टरचे 43,200 रुपये. बाबांनी ते तसेच व्यापाऱ्याच्या इसारात दिले. उरलेले दिवाळीला.

आता बटईदार दादांचं. आमच्या धुऱ्याला लागून दोन एकर हरभरा त्यांनी बटईने केला होता. ओलिताचा, घाट्यांनी लगडलेला. गारांनी घाटे फुटून दाणे चिखलात गेले. बियाणं, खत, मजुरी सगळं त्यांचं. सातबारा नागपुरातल्या मालकाचा. अर्जावर दादांनी माझ्यादेखत अंगठा केला होता, पण यादीत नाव मालकाचं आलं आणि ओलिताच्या दराने 21,600 रुपये मालकाच्या खात्यात गेले. लेखी करार नव्हता, म्हणून पीकविमाही नाही. संत्रा तोडणाऱ्या बायांची महिन्याभराची मजुरी बुडाली, त्यांचं नाव तर कोणत्याच यादीत असत नाही.

ऑगस्टमध्ये एका रविवारी मी बाबांना आणि दादांना घेऊन मालकाच्या घरी गेले, प्रतापनगरला. त्यांनी आम्हाला नीट बसवलं, चहा दिला. शेताकडे ते चार वर्षांत आले नव्हते. गारपीट झाल्याचंही त्यांना खात्यात पैसे आल्यावर समजलं होतं. मी मोबाइलमधले फोटो दाखवले. चिखलात रुतलेल्या घाट्यांचा फोटो त्यांनी दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. मग आत जाऊन दहा हजार आणून दादांच्या हातात दिले. "बाकीचं पुढच्या हंगामात पाहू," म्हणाले.

परतीच्या एसटीत दादांनी पैसे दोनदा मोजले. सहा हजार कृषी केंद्राच्या उधारीचे वेगळे काढून बनियनच्या खिशात ठेवले. थोड्या वेळाने बाबांकडे वळून म्हणाले, "भाऊ, यंदा हरभरा नाई पेरत. गहू कसा राहीन?" दोघं उतरेपर्यंत गव्हाच्या वाणांवरच बोलत होते.