तुमच्यात दारू चालते ना?

नाताळ जवळ आला की पुण्यातल्या ख्रिस्ती घरांना शेजारपाजारचे हमखास विचारतात, ‘तुमच्यात दारू चालते ना?’ गेल्या काही वर्षांत दुसरा प्रश्न आपल्याच मंडळीतली मुलं विचारू लागली आहेत. कॅनडाला शिकायला निघताना ती म्हणतात, ‘तिकडे गांजा कायदेशीर आहे, मग आपल्याला काय हरकत?’ दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

आधी दारूचं. मराठी पवित्र शास्त्रात ‘द्राक्षारस’ हा शब्द आहे. कानाला तो ताज्या रसासारखा लागतो आणि तिथेच घोळ होतो. पॅलेस्टाईनमध्ये द्राक्षं उन्हाळ्याच्या शेवटी पिकतात. सालीवर यीस्ट असतंच, त्यामुळे पिळलेला रस त्या उष्म्यात एक-दोन दिवसांत आंबायला लागतो. येशूचं शेवटचं भोजन ज्या ज्यू सणाला झालं तो वल्हांडण येतो वसंतात, म्हणजे सहा-सात महिन्यांनी. तोवर ताजा रस टिकवण्याची सहज सोय त्या काळी नव्हती, म्हणून शेवटच्या भोजनातल्या प्याल्यात वाइनच होती असं मी मानतो. शिवाय ताज्या रसाने कुणी झिंगत नाही, मग ‘द्राक्षारसाने मस्त होऊ नका’ असं प्रेषित पौलाने इफिसकरांना का लिहिलं असतं? १०४ वं स्तोत्र माणसाचं मन आनंदित करणाऱ्या द्राक्षारसाबद्दल देवाची स्तुती करतं आणि नीतिसूत्रांचा २३ वा अध्याय लाल डोळ्यांच्या, विनाकारण जखमा झालेल्या दारुड्याचं चित्र उभं करतो. दोन्ही एकाच शास्त्रात आहेत. मनाई झिंगण्याला आहे, द्राक्षारसाला नाही. आपल्या सोयीसाठी काना गावच्या लग्नातल्या द्राक्षारसाचं सरबत करू नये.

तरीही त्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि प्याला घेतात, त्या प्रभुभोजनाच्या प्याल्यात पुण्यात सगळीकडे एकच गोष्ट नसते. कॅथलिक मिस्सेला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, द्राक्षाचीच, भेसळ नसलेली, न बिघडलेली वाइन लागते, तसा चर्चचा कायदाच आहे. सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, १९७० साली अनेक पंथ एकत्र येऊन झालं, त्यामुळे अँग्लिकन वळणाच्या मंडळीत एक रीत आणि इतरांत दुसरी. मेथडिस्ट न आंबवलेला रस वापरतात. त्याची सुरुवात अमेरिकेत १८६९ साली झाली. थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षाचा रस बाटलीत भरून, बाटलीच उकळत्या पाण्यात ठेवून यीस्ट मारलं. सॅल्व्हेशन आर्मीचे सैनिक दारूला शिवत नाहीत आणि प्रभुभोजनाचा विधीही करत नाहीत. अ‍ॅडव्हेंटिस्ट तर चहा-कॉफीही टाळतात.

असा न आंबवलेला रस घरी करायचा तर पाव किलो काळ्या मनुका आणि एक लिटर पाणी पुरतं. मनुका कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवायच्या, कारण सुकवताना त्यांना तेलाचा हात लागलेला असतो. रात्रभर स्वच्छ पाण्यात भिजवून सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर वीस मिनिटं शिजवायच्या, कुस्करायच्या आणि पंच्यातून गाळायच्या. गाळलेल्या रसाला पुन्हा एक उकळी आणून, गरम असतानाच, उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत काठोकाठ भरायचा. निवला की फ्रीजमध्ये, आणि तीन दिवसांत संपवायचा. शेवटच्या भोजनाची आठवण करण्याचा पवित्र गुरुवार नेमका मार्च-एप्रिलच्या उकाड्यात येतो. मंगळवारी केलेला रस ओट्यावरच राहिला तर गुरुवारी झाकण काढताना फस्स आवाज येऊ शकतो, वर बारीक फेस दिसतो, वास आंबूस असतो. असा रस टाकून द्यायचा. परत उकळून वापरला तर चव गेलेली असते आणि अल्कोहोल पूर्ण उडालं याची खात्री नसते.

एवढी काटेकोरी का, तर दारू सुटावी म्हणून डायसल्फिरम घेणारा माणूसही त्याच बाकावर बसलेला असतो. या गोळीवर थोडं अल्कोहोल पोटात गेलं तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. रममध्ये मुरवलेल्या फळांचा नाताळचा केकही त्याला देऊ नये. भट्टीत सगळं अल्कोहोल जात नाही, आणि भाजल्यावर वरून शिंपडलेली रम तर जशीच्या तशी असते. जिथे प्याल्यात वाइन आहे तिथे त्याने नुसती भाकर घ्यावी. भाकर किंवा द्राक्षारस, कुठल्याही एका रूपातही ख्रिस्त पूर्ण मिळतो ही कॅथलिक चर्चची जुनी शिकवण आहे. पाळकांना किंवा फादरांना आदल्या दिवशी कानात सांगून ठेवलं की उपासनेत अवघडल्यासारखं होत नाही.

‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी हिशेब देतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅमच्या वर, म्हणजे चार पेग! रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात पौल म्हणतो, ज्याने भावाला ठेच लागते ते न पिणं बरं. दारूपायी घर बसलेलं आपण प्रत्येकाने जवळून पाहिलंय, म्हणून मंडळीच्या लग्नात आणि नाताळच्या जेवणात बाटली नकोच, असं माझं ठाम मत आहे.

आता गांजा. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून तो कायदेशीर आहे. त्याने फक्त सरकारचा कायदा मोडण्याचा प्रश्न सुटतो. जेवणासोबत अर्धा ग्लास वाइन घेऊन माणूस शुद्धीत उठू शकतो, पण मजेसाठी गांजा ओढणारा नशेसाठीच ओढतो, आणि शास्त्राची मनाई नेमकी नशेला आहे. औषधाची गोष्ट वेगळी. केमोथेरपीच्या उलट्यांवर गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचं कृत्रिमरीत्या बनवलेलं औषध अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहे. कॅथलिक धर्मशिक्षण नशेच्या पदार्थांना गंभीर अपराध म्हणतं, पण उपचारासाठीचा वापर त्यातून वगळतं. तिकडे सर्वात जास्त फसगत गमीने, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळीने होते. चघळल्यावर अर्धा ते दोन तास काही जाणवत नाही, म्हणून दुसरी खाल्ली जाते आणि मग दोन्ही एकदम चढतात. अमेरिकेत राज्याने मोकळीक दिली तरी केंद्राचा कायदा मनाईचाच आहे. व्हिसावर असलेल्याने गांजा घेतल्याचं कबूल केलं तर पुढचा प्रवेश अडू शकतो. आणि सुट्टीत पुण्याला येताना बॅगेचे सगळे कप्पे झटकून पाहा. अर्धं राहिलेलं गमीचं पाकीट इथे एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा ठरतं, तिकडच्या दुकानाची पावती दाखवून सुटका होत नाही.