आधी सावंतवाडीचा राजवाडा, मग म्हापशाचा शुक्रवार

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बहुतेकांना मिरच्या, सुकी मासळी आणि मयड्याच्या केळ्यांसाठी ठाऊक असतो. परंतु त्याच गर्दीत जुनी भांडी, नाणी, कौले व चित्रे मांडून बसणारे काही विक्रेतेही असतात, आणि गेल्या महिन्यात आम्ही दोघी बहिणी खास त्यांच्यासाठी तेथे गेलो. मागच्या खेपेस ‘शंभर वर्षांची’ म्हणून घेतलेली समई रोज जेथे हात लागतो त्या दांड्यावरही सारखीच हिरवी होती, म्हणजे तिचा जुनेपणा खोटा होता, हे घरी आल्यावर लक्षात आले होते.

म्हणून या वेळी आदला दिवस सावंतवाडीच्या राजवाड्यात घालवला. तेथे कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, हाताने रंगवताना पाहता येतात. दशावतारी संचात १० अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल पाने असतात. मत्स्याच्या एकाच पानावरील दोन मासे जवळून पाहिले, तर शेपटीचा फटकारा एकात जाड आणि दुसऱ्यात बारीक उतरलेला दिसतो. हाताची ही चूक डोळ्यांत मुरली की छापील नक्कल लगेच खटकते.

बाजारात पहिल्याच विक्रेत्याने राजा रविवर्म्याची ‘अस्सल’ लक्ष्मी दाखवली. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली निघाला. त्या काळच्या शिळाछापाचे, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्राचे, कण भिंगाखाली वेडेवाकडे विखुरलेले दिसतात, तर या लक्ष्मीच्या गालावर ठिपके कवायतीला उभे केल्यासारखे रांगेत होते. दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ ठेवावेच. बासेल मिशन या मिशनरी संस्थेच्या कारखान्यातल्या कौलावरील १८६५ हे साल पाहूनही हुरळून जाऊ नये, कारण ते कारखान्याच्या स्थापनेचे आहे, त्या कौलाचे नव्हे.

खरा वेळ आम्ही एका पितळी गडूवर घालवला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी ‘चि. सौ. कां.’ आणि ‘शके १८४२’ अशी अक्षरे घातलेली होती. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे १९२०. साल काय, कोणीही घालू शकतो. परंतु राख आणि चिंचेने घासून घासून पोटावरचे ठिपके जवळजवळ पुसले होते आणि गळ्याच्या खोबणीत, जेथे हात नीट पोहोचत नाही, तेथे ते ठसठशीत होते. बुडाशी ओरखडेही चहूदिशांनी होते, पॉलिश कागदाने काढल्यासारखे एकाच दिशेचे नव्हते. आधी उलटे करून बूड पाहावे, काठावरून बोट फिरवावे आणि किंमत सर्वांत शेवटी विचारावी.

रेल्वेने येणाऱ्यांनी थिवी स्थानकावर उतरावे. सकाळी लवकर पोहोचावे, कारण उन्हाच्या तिरिपीत पितळेचा रंग फसवतो, आणि सुटे पैसे जवळ बाळगावेत. हणजूणचा बुधवारचा बाजार रंगीत असला, तरी पारखीसाठी मला म्हापसाच बरा वाटला.

गडू १,८०० वरून १,१०० रुपयांना मिळाला. तो परदेशी असलेल्या भाच्याला पाठवण्याचा बहिणीचा बेत होता, परंतु १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील अशी कारागिरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तूर्त तो आमच्याच देवघरात आहे.