आंतरराष्ट्रीय शाळेचा पाच वर्षांचा आराखडा: जळगाव परिसरातला अनुभव

शाळा वाढवायची असं ठरलं की संस्थेत पहिली चर्चा इमारतीची होते. वास्तुविशारद येतो, नकाशा टेबलावर पसरतो आणि बाकीचे प्रश्न त्या नकाशाखाली जातात. केंब्रिज अभ्यासक्रमाच्या आमच्या खासगी शाळेत आम्ही क्रम उलटा ठेवला. निर्णय कोण घेणार हे आधी ठरवलं, मग पट, मग शिक्षक, मग फी, आणि इमारत सगळ्यांत शेवटी. आराखडा टिकला तो या क्रमामुळे, असं माझं मत आहे. म्हणून तो तपशिलासह लिहितो.

खासगी शाळेत तीन वेगवेगळी मंडळं असतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांची सरमिसळ होते. विश्वस्त मंडळ संस्थेच्या मालमत्तेला आणि हिशेबाला जबाबदार असतं. शाळा समिती शैक्षणिक कामावर लक्ष ठेवते. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला फीच्या बाबतीत कायद्याने अधिकार दिलेला आहे. आम्ही एक अधिकारपत्रक केलं. डावीकडे निर्णय, वर चार रकाने: सुचवणार कोण, ठरवणार कोण, कोणाला विचारायचं, कोणाला कळवायचं. सुमारे चाळीस निर्णय त्यात बसले. अंदाजपत्रकात धरलेला 50 हजारांपर्यंतचा खर्च मुख्याध्यापक करतील, 5 लाखांपर्यंत कोषाध्यक्षांची सही लागेल, त्यापुढे ठराव. शिक्षकाची निवड मुख्याध्यापकांची समिती करील, मुख्याध्यापकांची निवड विश्वस्त करतील. विश्वस्तांनी शिक्षकाला थेट फोन करून सूचना द्यायची नाही, ही ओळही त्यात आहे. तिच्यावर सगळ्यांत जास्त वाद होतो आणि तीच सगळ्यांत जास्त उपयोगी पडते.

आपल्याकडे संस्थेत भाऊ, अण्णा, काका, वहिनी असे घरातलेच लोक विश्वस्त असतात. बसचा ठेका मेहुण्याकडे आणि बांधकाम चुलतभावाकडे जाणं इथे नवं नाही. नातं असणं हा गुन्हा नव्हे, ते लपवणं चूक. त्यामुळे प्रत्येक सभेच्या सुरुवातीला हितसंबंध जाहीर करायचे, ज्याचा संबंध आहे त्याने त्या विषयापुरतं बाहेर बसायचं, तीन दरपत्रकं मागवायची आणि हे सगळं इतिवृत्तात लिहायचं. प्रवेशाच्या शिफारशीचंही तसंच. चिठ्ठी आली तरी ती मुख्याध्यापकांकडे जाते आणि क्रम बदलत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे देणगी घेणं आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावणं, दोन्हींना बंदी आहे. हे कलम विश्वस्तांना एकदा मोठ्याने वाचून दाखवावं.

कागदपत्रांत सर्वांत मोठा अडसर बदल अर्जाचा. विश्वस्त बदलला, वारला किंवा नवा आला, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 खाली 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. जुन्या संस्थांत असे अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित असतात. शाळा रोज चालत असते तोवर कोणाचंच अडत नाही. कर्ज काढायची वेळ आली की बँक परिशिष्ट 1 चा, म्हणजे संस्थेच्या नोंदणीचा, उतारा मागते, त्यावर वारलेल्या माणसांची नावं असतात आणि सगळं थांबतं. शिवाय संस्थेच्या नावाने कर्ज काढायला कलम 36-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. म्हणून आराखड्याच्या पहिल्या वर्षात बांधकाम धरलंच नव्हतं. ते वर्ष उतारा, लेखापरीक्षण आणि जमिनीची बिनशेती कागदपत्रं जुळवण्यासाठी ठेवलं होतं.

मग पट. एकूण पट पाहून काहीच कळत नाही, प्रत्येक इयत्तेचं पुढच्या इयत्तेत जाण्याचं प्रमाण वेगळं काढावं लागतं. मागच्या तीन वर्षांचे 30 सप्टेंबरचे आकडे घ्यावेत, कारण यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीनोंदीत, तीच तारीख धरतात. यंदाच्या तिसरीतल्या मुलांना गेल्या वर्षीच्या दुसरीतल्या मुलांनी भागायचं. एक उदाहरण घेऊ: पहिलीत 25 च्या दोन तुकड्या, म्हणजे 50 मुलं. दरवर्षी 96 टक्के मुलं पुढे टिकली तर नववीत साधारण 36 उरतात. चार टक्के गळती वर्षाला नजरेत भरत नाही, पण नववीत तुकडी 18 ची होते आणि शिक्षक तेवढेच लागतात.

खान्देशात ही गळती सारखी नसते. भुसावळला रेल्वेच्या आणि आयुधनिर्माणीच्या बदल्या होतात, त्यामुळे तिकडची मुलं कोणत्याही इयत्तेत जातात आणि येतातही. रावेर-यावलच्या केळी उत्पादकांची मुलं टिकतात, पण आठवीच्या आसपास पालकांना जेईई-नीट दिसू लागते आणि कोटा, लातूर, पुण्याची चौकशी सुरू होते. ही गळती जाहिरातीने थांबत नाही. पालकांना अकरावीचं उत्तर हवं असतं: आयजीसीएसईनंतर (केंब्रिजची दहावीच्या पातळीची परीक्षा) भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता, त्यासाठी किमान पाच विषय आणि राज्याच्या अकरावी प्रवेशात ग्रेडचं गुणांत रूपांतर. हे सातवीच्याच पालकसभेत कागदावर द्यावं. नववीत सांगून उपयोग नसतो, तोवर निर्णय झालेला असतो.

वरच्या वर्गांत पैसा विषयांच्या निवडीत जातो. 36 मुलांना दहा ऐच्छिक विषय मोकळे सोडले तर कुठे 14 मुलं बसतात, कुठे तीन. आम्ही विषयांचे चार गट केले, प्रत्येक गटातून मुलाने एकच विषय घ्यायचा आणि सहापेक्षा कमी मुलं असतील तर तो विषय त्या वर्षी उघडायचा नाही, असा नियम केला. आधी मुलांची पसंती घ्यायची, मग गट जुळवायचे. उलट केलं की भौतिकशास्त्र आणि अर्थशास्त्र एकाच गटात पडतात आणि दोन्ही हवे असलेली मुलं शाळा सोडतात. मराठीचे तास या गटांच्या बाहेर, सगळ्यांसाठी. 2020 च्या कायद्यानुसार मंडळ कोणतंही असो, मराठी शिकवणं सक्तीचं आहे. मला स्वतःला ते मनापासून पटतं. घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलणाऱ्या मुलाच्या वेळापत्रकात मराठीला शेवटचा थकलेला तास देऊ नये.

शिक्षकांची गणितं तासिकांवर करावीत, माणसांवर नव्हे. आठवड्याला एकूण किती तासिका आणि एका शिक्षकाला किती झेपतात, यावरून संख्या निघते. वरच्या वर्गांच्या शिक्षकाला आम्ही 24 च्या वर तासिका देत नाही, कारण प्रात्यक्षिकांची तयारी आणि वह्या तपासणं त्याबाहेर असतं. पुण्या-नाशिकहून आणलेला शिक्षक इथे फार काळ राहत नाही. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून एम.एस्सी. झालेली इथलीच मुलंमुली घेऊन त्यांना दोन वर्षं अनुभवी शिक्षकाच्या वर्गात जोडीला बसवणं महाग वाटतं, पण तेच टिकतं. नेमणुका जानेवारीत ठरवाव्यात, कारण चांगल्या शिक्षकाला आधीच्या शाळेत तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

फीचा भाग तारखांचा आहे. राज्याच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा असतो. त्याच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचे पालक येतात, तेही इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी समितीपुढे ठेवावा लागतो आणि समितीला निर्णयासाठी 30 दिवस असतात. जूनची शाळा म्हणजे डिसेंबर, म्हणजे अंदाजपत्रक नोव्हेंबरातच तयार हवं. मंजूर फी दोन वर्षं बांधील राहते, म्हणून दोन्ही वर्षांची पगारवाढ एकाच प्रस्तावात धरावी लागते. समितीने मान्य केलेली आणि शाळेने मागितलेली फी यांत 15 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर व्यवस्थापनाला विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाता येतं. प्रस्ताव बहुतेकदा अडतो तो ‘इतर खर्च’ या मोठ्या रकमेवर. पगार, वीज, परीक्षा शुल्क, देखभाल, प्रशिक्षण, विकासनिधी असं वेगळं लिहून गेल्या वर्षीचा लेखापरीक्षित आकडा शेजारी ठेवला की पालक नेमके प्रश्न विचारतात आणि उत्तरंही देता येतात.

हप्ते पिकाच्या पैशाप्रमाणे लावले. कापसाचा पैसा नोव्हेंबर ते जानेवारीत घरात येतो, त्यामुळे मोठा हप्ता डिसेंबरअखेर ठेवला. थकबाकीवर याचा परिणाम दंडापेक्षा जास्त होतो.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या, 25 टक्के जागा रोखीच्या अंदाजात वेगळ्या धराव्यात. पहिलीत 50 जागा असतील तर 12 मुलं, प्रत्येकी 17,670 रुपये प्रतिपूर्ती, म्हणजे वर्षाला 2 लाख 12 हजार 40 रुपये. हे येणं खरं, पण येईल तेव्हा. चालू वर्षाच्या खर्चाला ते धरू नये. फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती, ती उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये रद्द केली. सूट धरून केलेले आराखडे तेव्हा पुन्हा करावे लागले. ही मुलं आपल्याच वर्गातली आहेत. सहल, पुस्तकं, गणवेश यांचा त्यांचा खर्च फीच्या प्रस्तावात उघडपणे दाखवावा, म्हणजे ऐनवेळी कोणाच्या घरी निरोप जात नाही.

वेळापत्रकावर इथल्या उन्हाचा हक्क आहे. मे महिन्यात पारा 44 च्या पुढे जातो. केंब्रिजची मे-जूनची परीक्षा इथे मुलांना जड जाते आणि भारतातल्या शाळांना मार्चची परीक्षाही उपलब्ध आहे. आम्ही मार्च धरला. मग अभ्यासक्रम डिसेंबरात संपायला हवा, सराव परीक्षा जानेवारीत, आणि दिवाळीची सुट्टी आखतानाही हे डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. परीक्षेत दोन बाकांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत 1.25 मीटर अंतर लागतं. 8 बाय 6 मीटरच्या वर्गात त्यामुळे 20 ते 25 मुलंच बसतात. प्रश्नपत्रिकांसाठी कुलूपबंद, मोजक्याच लोकांना प्रवेश असलेली खोली लागते. ही खोली नकाशात आधी काढावी. जिन्याखालची जागा तिला चालत नाही.

इमारतीची पाळी आली तेव्हा प्रश्न थोडेच उरले होते. किती तुकड्या, किती प्रयोगशाळा, हे आधीच ठरलं होतं. वरची इयत्ता जोडायची तर राज्याच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली दर्जावाढीची परवानगी आणि केंब्रिजची त्या टप्प्याची मान्यता, दोन्ही लागतात. दोन्हींची कामं एकाच वेळी सुरू करावी लागतात. संस्थेने उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम त्याच वर्षी उद्दिष्टावर खर्च करायची असते. बांधकामासाठी त्यातून साठवायची असेल तर उद्देश लिहून आयकर खात्याला वेळेत कळवावं लागतं, आणि ती पाच वर्षांत खर्च करावी लागते. सनदी लेखापालाला म्हणूनच पहिल्या बैठकीपासून बसवावं.

नव्या तुकडीची अट अधिकारपत्रकाच्या शेवटी आहे. 31 जानेवारीपर्यंत पहिला हप्ता भरलेले प्रवेश आणि आरटीईच्या जागा मिळून तिसऱ्या तुकडीत 18 मुलं होत असतील आणि वर्गशिक्षकाची नेमणूक झालेली असेल, तरच जूनमध्ये तुकडी उघडते. नसेल तर ती मुलं आधीच्या दोन तुकड्यांत कोंबायची नाहीत, त्यांची प्रतीक्षायादी लावायची. दर ऑक्टोबरला 30 सप्टेंबरचा खरा पट अंदाजाच्या जागी भरतात आणि पुढच्या पाच वर्षांचे रकाने पुन्हा मोजतात.