तुम्ही विचारलंत म्हणून: पुलाखालच्या माणसांना मत कशाला?

"आधी त्यांच्या जेवणाचं, निवाऱ्याचं बघा. मतदान कसलं घेऊन बसलात?"

पुलाखालच्या बेघर माणसांची नावं मतदार यादीत लागावीत म्हणून मी त्यांचे फॉर्म भरते, आणि हा प्रश्न मला गेली काही वर्षं इतक्यांनी विचारलाय की समोरच्याने तोंड उघडायच्या आत माझं उत्तर तयार असतं, आणि ते जरा चढ्या आवाजातच येतं. विचारणारे वाईट नसतात. त्यांना त्या माणसांची कणव असते, माझ्या जागरणांचीही काळजी असते. त्यामुळे भांडून झाल्यावर मलाच चुटपुट लागते. म्हणून एकदा नीट बसून लिहिते आहे.

"कुठल्या पक्षासाठी करता?" हा दुसरा प्रश्न. कुठल्याच नाही. फॉर्म भरताना मी कुणाला मत विचारत नाही आणि कुणी आपणहून सांगायला लागलं तर थांबवते. याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं नाही.

पत्त्याचं मात्र सांगायला हवं, कारण शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात, घरच नाही तर नाव लागणार कुठे? १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा तुमचं घर आहे का, हे विचारतच नाही. त्या मतदारसंघात तुम्ही सर्वसाधारणपणे राहता का, एवढंच विचारतो. उलट कलम २० सांगतं की एखाद्या ठिकाणी तुमच्या मालकीचं घर आहे, एवढ्यावरून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. आणि निवडणूक आयोगाची सूचना अगदी स्वच्छ आहे: बेघर माणसाकडे रहिवासाचा पुरावा नसेल तर बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने, फॉर्म ६ वर (नवं नाव नोंदवायचा अर्ज) लिहिलेल्या जागी रात्री जायचं आणि तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं. तेही एकापेक्षा जास्त रात्री. झोपत असेल तर रहिवासाचा कागद लागत नाही. ही सूचना मी निवडणूक कार्यालयाच्या खिडकीवर वाचून दाखवते आणि तरीही पलीकडून "लाइट बिल आणा" असं येतं तेव्हा माझा तोल जातो. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरात पावणेअठरा लाखांच्या आसपास बेघर माणसं मोजली गेली. मोजायला गेलं की सापडतात. यादीत घ्यायलाही सापडतील, कुणी रात्री गेलं तर.

आता मावशींचं सांगते. तुमचा प्रश्न मला झोंबतो तो त्यांच्यामुळे.

पुलाच्या तिसऱ्या खांबाला टेकून त्यांचं बिऱ्हाड होतं. एक गाठोडं, एक चेपलेलं पातेलं, खाली अंथरलेला जुना फ्लेक्स. फॉर्म भरताना नाव विचारलं तर म्हणाल्या, "लिही की, थोरल्याची आई." मी म्हटलं, "मावशी, तुमचं स्वतःचं." त्या बराच वेळ रस्त्याकडे बघत बसल्या. मग माहेरचं नाव सांगितलं, थोड्या वेळाने ते खोडायला लावलं आणि सासरचं सांगितलं. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली होती. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच त्यांनी सांगितलं होतं आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नोंद चालवून घेतली नाही. ते आठवून मी पेन धरून थांबून राहिले.

बीएलओ बाई शाळेत शिकवणाऱ्या. दिवसभर वर्ग घेऊन रात्री साडेदहाला भावाला सोबत घेऊन आल्या, त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पहिल्या रात्री मावशी जागेवर होत्या. बाईंनी बॅटरीच्या उजेडात टिपण केलं आणि परवा रात्री पुन्हा येते म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुलाखाली कुणकुण लागली की सकाळी अतिक्रमणाची गाडी येणार. तिथली माणसं अशा वेळी काय करायचं ते बरोबर जाणतात. रातोरात उठतात, दोन दिवस दुसरीकडे काढतात, मग परततात. मी पोचले तेव्हा मावशींचं गाठोडं बांधून झालं होतं. "निघते गं. गाडी यायचीय."

मी म्हटलं, "मावशी, उद्या रात्रीपर्यंत थांबा. बाई येऊन गेल्या की मग जा. जागा सोडलीत तर सगळं पहिल्यापासून."

त्या थांबल्या.

सकाळी गाडी आली तेव्हा मावशी पाणी आणायला नळावर गेल्या होत्या. परत येईपर्यंत गाठोडं गाडीत. त्यात दोन लुगडी होती, बीपीच्या गोळ्या होत्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला नवऱ्याचा फोटो होता. एकच होता. मी दोन दिवस त्याच्या मागे फिरले. जप्त सामान ठेवतात त्या आवारात हातगाड्या होत्या, छत्र्या होत्या, वजनकाटे होते. गाठोडी इथे ठेवत नाहीत, असं सांगण्यात आलं.

गाडी येऊन गेली त्याच रात्री ठरल्याप्रमाणे बीएलओ बाई आल्या. मावशी मोकळ्या खांबापाशी जमिनीवर बसल्या होत्या.

"इथेच झोपता ना?"

"हो."

"मग सामान कुठंय तुमचं?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. बोलल्या काही नाहीत. पडताळणी झाली.

नाव लागलं यादीत. मतदानाला मी बरोबर गेले, केंद्राबाहेर थांबले. बाहेर येताना त्यांनी शाईचं बोट पदराला लागू नये म्हणून लांब धरलं होतं. म्हणाल्या, "मत दिलं ते बरं केलं. पण फोटो गेला तो तुझ्यामुळं." दोन्ही वाक्यं एकाच सुरात. मी म्हटलं, "चुकलं माझं, मावशी." त्यांनी मान हलवली आणि बोट तसंच लांब धरून चालत राहिल्या.

त्यामुळे "काय मिळालं त्यांना?" असं तुम्ही विचारता तेव्हा मला आधी आठवतं ते काय गेलं. फोटो गाडीने नेला, मतदार यादीने नाही, असं मी स्वतःला किती वेळा समजावलंय. ते खोटं नाही. घाईही खरी होती, कारण उमेदवारी अर्जाची मुदत संपली की यादीत नवं नाव घेता येत नाही आणि ती तारीख तोंडावर आली होती. पण ती तारीख मी मावशींना सांगितलीच नव्हती. नुसतं "थांबा" म्हटलं. सांगितली असती तर थांबायचं की जायचं, ते त्यांनी ठरवलं असतं. माणसांना स्वतःचं मत देता यावं म्हणून धडपडणारी मी, आणि त्या संध्याकाळी त्यांचं मत विचारायला विसरले.

सुरुवातीला मी छातीठोकपणे सांगायचे, मत असलं की नगरसेवक पुलाखाली येईल, शौचालय होईल, नळ येईल. ते वाक्य आता माझ्या तोंडून निघत नाही. पुलाखाली अजून शौचालय नाही. काहींना मत द्यायचंच नसतं, फक्त कार्ड हवं असतं, कुठेतरी ओळख म्हणून दाखवायला. त्यांचेही फॉर्म मी भरते. आणि लागलेलं नाव टिकेल याचीही खात्री नाही. राहण्याची जागा बदलली म्हणून नाव काढायचं तर आधी त्या माणसाला बाजू मांडायची संधी द्यायची, असं १९५०च्या त्याच कायद्याचं कलम २२ सांगतं. पण नोटीस तिसऱ्या खांबाला कोण आणून देणार? म्हणून दर निवडणुकीआधी जुनी नावं पुन्हा तपासत बसावं लागतं.

तरीही तुमचा तो क्रम मला मान्य नाही. आधी जेवण, मग निवारा, मग मत. हा क्रम त्यांना विचारून लावलाय का? घर मिळेपर्यंत थांबायचं तर मावशींनी आणखी किती निवडणुका थांबायचं? राज्यघटनेचं कलम ३२६ अठरा वर्षं पूर्ण विचारतं, छप्पर विचारत नाही. इथे माझा आवाज पुन्हा चढला, कळतंय मला.

आता मी तारीख आधी सांगते, आणि पडताळणीच्या दिवसांत सामान कुठे ठेवणार तेही विचारते. आत्ता माझ्या गॅलरीत दोन गाठोडी आहेत. परवा रात्री तीन जणींची पडताळणी लागावी म्हणून काल फॉर्म भरायला बसले, तर मावशी शेजारी येऊन बसल्या. दोघींना त्यांनी स्वतःच समजावलं, थांब म्हणाल्या, बाई येतात, मी आहे इथे. तिसरी मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन आलेली. तिचा फॉर्म पुढे ओढला तसा मावशींनी माझा हात धरला.

"हिचं नको भरू. हिचा नवरा हिला शोधतोय. तुझी ती यादी भिंतीवर लावतात ना?"

लावतात. प्रारूप यादी, म्हणजे पक्की होण्याआधीची कच्ची यादी, कुणालाही बघता येते, नाव, वय, पत्ता सगळं. मी त्या मुलीला ते सांगितलं आणि काय करायचं ते विचारलं. ती म्हणाली, परवापर्यंत सांगते. तिचा फॉर्म कोराच आहे.