भांडण चाळिसाव्या मजल्याचं, प्रश्न तळमजल्याचा

पाण्याकाठी टोलेजंग टॉवर येणार म्हटलं की शहरात दोन तट पडतात आणि दोन्हीकडून घासाघीस होते ती मजल्यांच्या आकड्यावर. चाळीस नकोत, पंचवीस करा. दोन-तीन सुनावण्यांत आकडा खाली येतो, विरोधकांना जिंकल्यासारखं वाटतं. पण एकूण बांधकाम तेवढंच राहिलं असेल तर जिंकलं काय?

हिशेब सोपा आहे. 10,000 चौरस मीटरच्या भूखंडावर 4 चटई निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा) मंजूर असेल तर 40,000 चौरस मीटर बांधकाम होणारच. एक मजला 800 चौरस मीटरचा धरला तर 50 मजले होतात, 4,000 चा धरला तर 10. मात्र 20 मीटर रुंदीच्या इमारतीत 4,000 चौरस मीटरचा मजला बसवायला 200 मीटर लांबी लागते. ती पाण्याला समांतर पसरली की काठावर भिंतच उभी राहते. सॅन फ्रान्सिस्कोत 2013 साली मतदारांनी बंदराजवळचा एक प्रकल्प फेटाळला. त्याची कमाल उंची 136 फूट, म्हणजे टॉवर म्हणावी अशीही नव्हती, आणि मोहिमेची घोषणा ‘किनाऱ्यावर भिंत नको’ अशीच होती. म्हणून आधी निर्देशांक विचारा, मग इमारत पाण्याकडे किती रुंद तोंड करून उभी आहे ते विचारा. उंची त्यानंतर.

सावलीचं गणित घरबसल्या करता येतं. उत्तर गोलार्धात 21 डिसेंबरला मध्यान्हीच्या सूर्याची उंची म्हणजे 90 मधून अक्षांश आणि 23.4 वजा. 20 अक्षांशावर ती साधारण 46.6 अंश येते आणि 150 मीटरच्या टॉवरची सावली सुमारे 140 मीटर पडते. 50 अक्षांशावर सूर्य जेमतेम साडेसोळा अंशांवर असतो, तिथे तोच टॉवर 500 मीटरपर्यंत सावली टाकतो. प्रस्तावात बहुधा 21 मार्चच्या दुपारचं चित्र असतं, कारण ते सोसवतं. डिसेंबरची सकाळ आणि संध्याकाळही मागा. उंच इमारत सडपातळ असेल तर तिची सावली लांब असली तरी झरझर सरकते. आखूड पण रुंद इमारतीची सावली एकाच बाकावर तासन् तास ठाण मांडते.

वाऱ्याचा मुद्दा सुनावणीत सहसा शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात, आणि पुढे लोकांना रोज भोगावा लागतो तोच. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला अडथळा नसतो. तो टॉवरच्या रुंद अंगावर आदळला की बराचसा भाग खाली घसरतो, पायथ्याशी वळतो आणि कोपऱ्यांवरून वेगाने सुटतो. दोन टॉवरांमधली फट असेल तर आणखी जोर धरतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे वेग दीडपट झाला तरी धक्का सव्वादोनपट. यावर जुना उपाय म्हणजे पायथ्याशी रुंद बैठे मजले ठेवून टॉवर मागे सरकवायचा. खाली येणारा झोत त्या गच्चीवरच अडतो. पवन-बोगद्यातल्या, म्हणजे छोट्या प्रतिकृतीवर वारा सोडून केलेल्या, चाचणीचा अहवाल पाहताना तीन गोष्टी बघा: प्रतिकृतीत आजूबाजूच्या इमारती होत्या का, बाकांच्या जागी मोजणी झाली का, आणि झाडं धरून आकडे काढलेत का. दहा वर्षांनी वाढणाऱ्या झाडांच्या भरवशावर आजचा वारा कमी दाखवणं ही हातचलाखी आहे.

आता जमिनीखाली. काठावरची जमीन पुष्कळदा भरावाची असते, खाली मऊ चिखल आणि खडक खोल. सॅन फ्रान्सिस्कोचा 58 मजली मिलेनियम टॉवर 2009 मध्ये खुला झाला. त्याच्या पाइल (पायासाठी जमिनीत खोल घातलेले खांब) खडकापर्यंत न नेता वरच्या दाट वाळूत थांबवल्या होत्या. 2016 मध्ये तो खचल्याचं आणि कलल्याचं जगजाहीर झालं, आणि पुढे खडकापर्यंत जाणाऱ्या नव्या पाइल घालाव्या लागल्या. तळघराचा त्रास वेगळा. भूजल 2 मीटरवर आणि तळघर 10 मीटर खोल असेल तर तळाला 8 मीटर पाण्याचा दाब बसतो, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 8 टन, वरच्या दिशेने. वरचं वजन पुरेसं चढण्याआधी पंप बंद केले तर तळ उचलला जातो, तडकतो. पंप चालू ठेवले तर शेजारचं भूजल उतरतं आणि आसपासची जमीन खचते. जुनी घरं लाकडी खुंटांवर असतील तर पाण्याबाहेर उघडे पडलेले खुंट कुजतात. बॉस्टनच्या बॅक बे भागात याच भीतीपोटी भूजलाची पातळी सतत मोजावी लागते. म्हणून शेजाऱ्यांनी खोदकामाआधी भेगांची छायाचित्रं, भूजल मोजायच्या नळ्या आणि ‘इतके मिलिमीटर खचलं की काम थांबेल’ असा आकडा लेखी घ्यावा.

आणि इथे वरचं-खालचं एकमेकांत अडकतं. पाण्यामुळे तळघर महाग पडतं, म्हणून पार्किंग जमिनीवर चढतं: तीन-चार मजले जाळीमागे गाड्या. पूररेषेसाठी जोतं दीड-दोन मीटर उचललं जातं. रंगीत चित्रात जिथे कॅफे आणि खेळणारी मुलं दिसतात, तिथे पादचाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्षात कोरी भिंत येते. ती पाहायची तर नकाशा नको, काठाच्या बाजूचा तळमजल्याचा उभा छेद मागा, जोत्याच्या आणि पदपथाच्या पातळ्यांसकट. चित्रं कुठल्या भिंगातून काढलीत तेही विचारा. रुंद कोनाच्या भिंगात दूरचा टॉवर लहानसा दिसतो.

राहिला तो ‘सर्वांसाठी खुला किनारी मार्ग’. हे शब्द जाहिरातीत असतात, जमिनीच्या दस्तात असतीलच असं नाही. हरकतीत स्पष्ट लिहा: किमान रुंदी किती, किती तास खुला, दिवे आणि झाडलोट कोणाकडे, कार्यक्रमासाठी वर्षाला जास्तीत जास्त किती दिवस बंद, आणि मार्ग खुला झाल्याशिवाय इमारतीला भोगवटा दाखला (वापर सुरू करण्याची परवानगी) मिळणार नाही.