ठराव क्रमांक 9 मधली एक ओळ

शनिवारी पहाटेच्या पहिल्या एसटीने पेठहून निघाले. सावळ घाटात दाट धुकं होतं. रामशेज दिसायला लागला तेव्हा कुठे ऊन पडलं. नाशिकच्या पेठ नाक्यावर उतरून रिक्षाने थेट आमच्या शिक्षक संघटनेच्या अधिवेशनाचं सभागृह गाठलं. नोंदणीच्या टेबलावर कापडी पिशवी, वही आणि गळ्यात घालायचं कार्ड मिळालं: 'प्रतिनिधी, पेठ तालुका'. 2008 साली 3000 रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागले, तेव्हापासून संघटनेची पावती दरवर्षी फाडते. प्रतिनिधी म्हणून मात्र ही पहिलीच वेळ.

पहिला दिवस पेन्शन आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, यांतच गेला. 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, त्यात मीही आहे. मार्च 2023 च्या संपात उन्हात बसलेली तोंडं इथे पुन्हा भेटली. टीईटीचा विषय निघाला तसं सभागृह गप्प झालं. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायला हवं, हा सर्वोच्च न्यायालयाचा 1 सप्टेंबर 2025 चा निकाल. शेजारच्या ताईंनी पिशवीतून मुलीचं गणिताचं पुस्तक काढून दाखवलं. रात्री स्वयंपाक आवरला की त्या अभ्यासाला बसतात.

पण मी गेले होते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

आमची शाळा दोन शिक्षकी. पहिली ते चौथी, 43 मुलं. शिक्षण हक्क कायद्यात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितलेत, तेवढे आम्ही आहोत. दिवाळीनंतर आम्हा दोघांनाही बीएलओचे, म्हणजे मतदारयादीच्या कामाचे, आदेश आले. एकजण मतदारयादी घेऊन पाड्यांवर आणि दुसरा चार वर्ग घेऊन शाळेत, असं चाललं होतं. चार दिवस तर दोघंही बाहेर. त्या चार दिवसांत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी मुलं सांभाळली. मला आजही ते सांगताना घसा दाटतो.

संध्याकाळी विषय नियामक समितीच्या बैठकीत ठरावांचे मसुदे वाचले. नववा ठराव होता, 'शिक्षकांना सर्व अशैक्षणिक कामांतून मुक्त करावे.' मी हात वर केला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकांना अशैक्षणिक कामं द्यायला मनाई आहे, पण त्या मनाईतून जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचं काम वगळलेलं आहे. 'सर्व' म्हटलं की समोरून तेच कलम दाखवतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून मी एक ओळ वाढवायला सांगितली: 'दोन शिक्षकी शाळेतील दोन्ही शिक्षकांना एकाच वेळी शाळेबाहेरचे काम देऊ नये.' एक ज्येष्ठ सर म्हणाले, "मॅडम, ठराव मोघम असला की सगळ्यांना चालतो." मी म्हटलं, "सर, मोघम ठरावावर कोणी आदेश काढत नाही." बागलाणच्या एका मॅडमनी तिथल्या तिथे अनुमोदन दिलं. त्यांच्याकडेही हीच गत होती.

रविवारी खुल्या अधिवेशनात बोलायला तीन मिनिटं मिळाली. पोषण आहाराच्या जुन्या तक्त्यामागे मुद्दे लिहून नेले होते, पण कागदाकडे पाहिलंच नाही. आमच्या तिसरीतल्या एका मुलीबद्दल बोलले. छाटणीच्या वेळी ती आईबापांबरोबर दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत गेली होती. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलते. परत आली तेव्हा जोडाक्षरं विसरलेली. मी तिला रोज अर्धा तास घेऊन बसायचे, दहा दिवस झाले आणि माझा आदेश आला. एवढंच सांगितलं. पहिल्यांदा मागच्या रांगांतले हात वर गेले, सुरगाणा आणि त्र्यंबकची मंडळी तिथे बसली होती. मग सगळेच. ओळीसकट ठराव मंजूर झाला. आता तो बाकीच्या ठरावांबरोबर शासनाकडे जाईल. मी तालुक्याला त्याची प्रत मागितली आहे आणि दर महिन्याला विचारणार आहे.

सोमवारी कार्ड शाळेत नेलं. त्या मुलीने ते हातात घेतलं, बोट ठेवून वाचायला लागली. 'ति', 'नि', 'धी' आलं. 'प्र'जवळ अडली. मग दुपारच्या सुट्टीपर्यंत आम्ही फळ्यावर 'प्र'चेच शब्द घेतले: प्रकाश, प्राणी, प्रवास.